सायनसची सूज आणि चेहऱ्याचे दुखणे

प्रश्न : सर्दीनंतर आठवडाभर गाल व कपाळ ठणकते आहे, खाली वाकले की वेदना वाढते. प्रतिजैविके घ्यावीत का?

उत्तर : बहुधा नाही. सायनसची, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांची, अशी सूज बहुतेकदा विषाणूंमुळे येते आणि त्यांच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. त्रास 10 दिवसांनंतरही ओसरला नाही, बरे वाटू लागल्यावर पुन्हा उलटला किंवा तीव्र ताप राहिला, तर डॉक्टर प्रतिजैविकांचा विचार करतात. तोवर वेदनेसाठी पॅरासिटामॉल घ्यावे आणि उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ मिसळून नाक धुवावे. नळाचे पाणी थेट वापरू नये. नाक मोकळे करणारे थेंब मात्र 5 दिवसांहून अधिक घातल्यास नाक उलट जास्तच चोंदते, आणि ही सवय कधीकधी मूळ दुखण्याहून चिवट ठरते. डोळ्याभोवती सूज आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा मान ताठरली, तर तातडीने रुग्णालय गाठावे.