गोचिड्या दोघांवर, आजारी मात्र एकच

प्रश्न : घरात चार वर्षांचा लॅब्रॅडोर आणि त्याच वयाची गावठी कुत्री आहे. गोचिड्या दोघांवरही होत्या. लॅब्रॅडोरला ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली. तपासणीत ‘बबेसिया गिब्सोनी’ हा गोचिड्यांतून पसरणारा रक्तातला जंतू निघाला, पण जंतू थोडेच दिसले. मग रक्त एवढं कसं उतरलं? स्टिरॉइड द्यावं का? कुत्री ठणठणीत आहे, तिलाही औषध लागेल का?

उत्तर : जंतू किती दिसले, यावर हा आजार मोजता येत नाही. बबेसिया लाल पेशीत शिरून ती फोडतो हे खरं, पण मोठं नुकसान कुत्र्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडूनही होतं. तिने तयार केलेली प्रतिपिंडं जंतू नसलेल्या लाल पेशींनाही चिकटतात आणि प्लीहा त्या वेचून नष्ट करते. डॉक्टरांना एक सोपी तपासणी करायला सांगा: रक्ताचा थेंब सलाईनच्या तीन-चार थेंबांत मिसळून काच हलवायची. लाल कण रव्यासारखे गोळा होऊन राहिले, सुटे झालेच नाहीत, तर हेच घडतं आहे.

तरीही स्टिरॉइडची घाई करू नका. त्याने प्रतिकारशक्ती दबते आणि जंतूला मोकळं रान मिळतं. आधी जंतूवर औषध; बहुतेक वेळा तेवढ्यानेच पेशी फुटणं थांबतं. औषध सुरू असूनही पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के आहेत तो आकडा) घसरतच राहिला, तरच डॉक्टर स्टिरॉइडचा विचार करतात.

औषधात नेहमी एक चूक होते. डायमिनाझीन किंवा इमिडोकार्बच्या इंजेक्शनने ताप उतरतो, कुत्रा खायला लागतो आणि सगळे निर्धास्त होतात. मोठ्या आकाराच्या बबेसियावर ही औषधं चांगली चालतात, पण गिब्सोनी लहान आणि चिवट. तो उरतो आणि पुन्हा डोकं वर काढतो. त्यासाठी १० दिवस अ‍ॅटोव्हाक्वोन (किलोमागे १३.३ मिग्रॅ, दर ८ तासांनी) आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन (किलोमागे १० मिग्रॅ, दिवसातून एकदा) देतात. अ‍ॅटोव्हाक्वोन तूप किंवा चरबी असलेल्या जेवणाबरोबरच द्या. रिकाम्या पोटी ते अंगी लागत नाही. डोस कुत्र्याचं वजन करून डॉक्टरांनीच ठरवावा. नंतर ६० आणि ९० दिवसांनी पीसीआर (रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करून घ्या.

तोवर रोज हिरडी बोटाने दाबून सोडा. रंग दोन सेकंदांत परतायला हवा. झोपेत श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला, किंवा पीसीव्ही २० च्या खाली आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त चढवावं लागू शकतं.

कुत्री ठणठणीत दिसते म्हणून ती जंतूमुक्त आहे असं नाही. काही कुत्र्यांची प्रतिकारशक्ती जंतूला आटोक्यात ठेवते, संपवत नाही. तिचंही पीसीआर करा. निकाल कळेपर्यंत लॅब्रॅडोरला तिचं रक्त देऊ नका आणि दोघांची भांडणं होऊ देऊ नका. गिब्सोनी चावण्यातूनही पसरतो.