अंडं फळलंय का नाही, कसं ओळखायचं?

प्रश्न: साहेब, खुडूक कोंबडीखाली १२ अंडी बसवली, ४च पिल्लं निघाली, बाकी सडली. अंडं फळलेलं आहे का हे बसवायच्या आधी कळतं का? पाण्यात टाकून बघतात ते खरं का?

उत्तर: ताई, न फोडता आणि न बसवता कळत नाही. पाण्यात टाकून अंडं ताजं का जुनं एवढंच कळतं, आणि बसवायच्या अंड्याला तर पाणी लावूच नका, वरचा पातळ थर जातो आणि घाण आत शिरते. लांबट अंड्यातून कोंबडा निघतो वगैरे पण सोडून द्या.

कोंबडा काम करतोय का बघायचं असेल तर ३-४ ताजी अंडी फोडा, तशीही आम्लेटला लागतातच, बलकावरचा पांढरा ठिपका बघा. नुसता बारीक ठिपका असेल तर फळलेलं नाही, ठिपक्याभोवती गोल कडं दिसलं तर फळलेलं. लाल रक्ताचा डाग म्हणजे फळलं असं नाही, तो कोंबडा नसला तरी येतो.

बसवल्यावर मात्र ७व्या रात्री नक्की बघा. अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडायचं, खालून मोबाईलची टॉर्च, वर अंड्याची जाड बाजू टेकवायची. कोळ्याच्या पायासारख्या लाल शिरा आणि मधे काळा ठिपका दिसला की पिल्लू धरलंय. आरपार पिवळा उजेड दिसला तर रिकामं. शिरा नाहीत, नुसतं लाल कडं असेल तर धरलं होतं पण मेलं. गावठीच्या तपकिरी कवचातून नीट दिसत नाही, मग १०व्या दिवशी परत बघा.

यावरूनच चूक कुठं झाली ते कळतं. बहुतेक रिकामी निघाली तर कोंबडा म्हातारा असेल किंवा एकावर १५-२० कोंबड्या असतील, ८-१० ला एक पाहिजे. लाल कडी जास्त दिसली तर अंडी ठेवण्यात चूक आहे. तुमची सडली म्हणताय म्हणून मला दुसराच संशय जास्त येतो, कारण रिकामं अंडं सहसा तेवढ्या दिवसात सडत नाही, धरून मेलेलं किंवा तडा गेलेलं सडतं. उन्हाळ्यात पत्र्याखाली डब्यात १५ दिवस साठवली की गर्भ तिथंच वाढायला लागतो आणि मरतो. माठाजवळ गार जागी, निमुळती बाजू खाली करून ठेवा, ७ दिवसांच्या आतली बसवा.

अजून एक, कडकनाथ (काळ्या मांसाची कोंबडीची जात) पाळणाऱ्या बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं. कोंबडा काढला तरी त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी तीनही टिकतं, म्हणून गावठी कोंबडा हटवून लगेच शुद्ध पिल्लं मिळणार नाहीत, ३ आठवड्यांची अंडी खाऊन टाका.

पुढच्या वेळी अंड्यावर पेन्सिलीनं तारीख टाका आणि ७व्या रात्री किती रिकामी, किती लाल कड्याची निघाली ते कळवा, कोंबड्याचं वय पण लिहा.