हुरडा, दोस्त आणि शुगरची गोळी

प्रश्न : मानवतला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. वय ४४. पाच वर्षांपासून शुगर आहे. सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी, रात्री नुसती मेटफॉर्मिन. हुरड्याच्या दिवसांत गिऱ्हाइकं शेतावर बोलावतात, रात्री बसणं होतं. बसायचं असलं की मी रात्रीची गोळी टाळतो. गेल्या महिन्यात पहाटे घामानं बनियन भिजलं, हात थरथरले. बायकोला वाटलं, अजून उतरली नाही. हे कशानं झालं? आणि बसणं सोडलं तर माणसं तुटतील का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : भाऊ, ‘अजून उतरली नाही’ हे वाचून काळजात धस्स झालं. त्या पहाटे बहुतेक तुमची शुगर पडली होती.

आपण झोपेत असताना लिव्हर रक्तात साखर सोडत राहतं. दारू प्यायली की ते दारू निपटण्यात गुंततं आणि नवी साखर बनवणं मंदावतं. तिकडे ग्लिमेपिराइडचा जोर जवळपास २४ तास टिकतो. म्हणजे तुम्ही टाळता ती रात्रीची गोळी; शुगर पाडणारी तर सकाळीच पोटात गेलेली असते! मेटफॉर्मिनवर भरपूर पिणंही वाईटच, रक्तात लॅक्टिक आम्ल साचू शकतं. पण गोळ्या अशा मनानं टाळू नका.

माझ्याकडे एकदा पहाटे एकाला जीपमध्ये आडवं घालून आणलं. ‘लई झाली’ म्हणून दोस्तांनी आखाड्यावर बाजेवर झोपवलं होतं, वर घोंगडी टाकली होती. बोटाला टोचून पाहिलं तर शुगर ३८. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा डोळे उघडले. घेतले होते दोनच पेग, पण गप्पांत भाकरी राहून गेली होती. तोंडाला वास होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

माझं मत स्पष्ट आहे : या गोळीवर पिऊ नका. तरीही अधूनमधून बसणं होणारच असेल तर ते तुमच्या डॉक्टरांना खरं सांगा, लिव्हर-किडनी तपासून घ्या आणि ग्लिमेपिराइडऐवजी दुसरी गोळी चालेल का ते विचारा. उपाशीपोटी तर थेंबही नको.

माणसं तुटण्याचं म्हणाल, तर तुमच्याकडून उधारीवर खत नेणारा शेतकरी तुमच्या ग्लासाकडे बघून दुकानात येत नाही. हुरड्याला जरूर जा, आगटीजवळ बसा. सुरुवातीलाच ‘मला शुगर आहे, गोळी चालू आहे’ म्हणून मोकळे व्हा. कुणी शपथ घातली तरी हलू नका.

बैठकीतल्या एका दोस्ताला आणि वहिनींना एवढं शिकवून ठेवा : घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की शुगर बघायची. ७० च्या खाली असेल किंवा मशीन जवळ नसेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, मग खायला घालायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.