तीन दलं, तीन तऱ्हेचा रगडा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पुतण्या अग्निवीर भरतीची तयारी करतोय. लष्कर, नौदल, हवाई दल यांत सर्वांत खडतर प्रशिक्षण कुठलं? (कराड)

उत्तर: पायांची कसोटी म्हणाल तर लष्कर, यात दुमत नाही. भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्याला पैकीच्या पैकी ६० गुण मिळतात, पण तो केवळ उंबरठा. पायदळात बीपीईटी (बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्ट) या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत रायफल आणि पाठीवर पिट्ठू, म्हणजे सामानाची पिशवी, घेऊन ५ किलोमीटर पळावं लागतं. तिशीच्या आतल्या जवानाला २५ मिनिटांत ‘एक्सलंट’ आणि २८ मिनिटांपर्यंत पास, हा तिचा अनेक वर्षांचा निकष. शिवाय दोर चढणं आणि ९ फुटी खड्डा ओलांडणं असतंच.

मुलं फसतात ती इथे: महिनोन्‌महिने डांबरी रस्त्यावर, रिकाम्या अंगानं धावतात. प्रशिक्षण केंद्रात बूट आणि ओझं एकदम वाट्याला येतं, नडग्या दुखू लागतात आणि दुखणं अंगावर काढलं तर हाडाला बारीक तडा जातो. पुतण्याला मातीच्या मैदानावर धावू द्या. आठवड्याचं अंतर एकदम न वाढवता दहा टक्क्यांच्या आसपास वाढवावं. पाठीवर ५ किलो घेऊन आधी फक्त चालावं, वजन घेऊन पळण्याची घाई नको. एका ठिकाणी बोट ठेवता येईल असं नडगीचं दुखणं असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: नौदलात पोहता आलं की झालं, असं ऐकतो. खलाशाला लढाईचं कसलं प्रशिक्षण देतात? (रत्नागिरी)

उत्तर: ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे कवायत, पोहणं, हत्यारं हे सगळं होतं, पहिली अग्निवीर तुकडी १६ आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन मार्च २०२३ मध्ये तिथूनच बाहेर पडली. पण जहाजावरची खरी लढाई क्षेपणास्त्र लागल्यानंतर सुरू होते. आग आणि पाणी रोखून जहाज तरंगतं ठेवायचं, तेही तोफा चालू असताना. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर यासाठी गोवा शिपयार्डनं बांधलेला सिम्युलेटर, म्हणजे जहाजाची सरावासाठीची नक्कल, आहे. पोलादी खोल्या कलतात, फुटलेल्या जागांतून पाणी उसळतं आणि मुलांना ते त्यातच थोपवावं लागतं.

लहान भोकाला कापड गुंडाळलेली मऊ लाकडाची खुंटी ठोकतात. लाकूड फुगून फट बुजते. मोठ्या भगदाडाला फळी आणि गादी लावून मागून टेकू देतात. टेकूखाली पाचरी जोडीनं, समोरासमोरून ठोकायच्या. एकाच बाजूनं घाव घातले की टेकू सरकतो. दुसरी चूक जोशातली: वाकलेली भिंत मागे रेटायला जातात. टेकूचं काम भिंत आहे तिथे धरून ठेवणं, एवढंच.

आगीवर मारलेलं पाणीही घातक ठरतं. अर्धी भरलेली खोली पूर्ण भरलेल्या खोलीपेक्षा धोकादायक, कारण जहाज कललं की पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल वाढवतं. म्हणून पाण्याचा होज (नळी) सुरू करतानाच पाणी उपसायचं कसं, हे ठरलेलं हवं. हे ज्याला कळलं, तो पट्टीचा पोहणारा नसला तरी सोबत्यांचा जीव वाचवेल.

प्रश्न: लढाऊ वैमानिकाला ९ जी झेपतं कसं? (नागपूर)

उत्तर: ९ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोर. त्यात ७० किलोच्या माणसाला आपलं वजन ६३० किलो भासतं आणि रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलं जातं. आधी नजरेच्या कडा करड्या होतात, मग शुद्ध जाते. फुगून पाय-पोट आवळणारा जी-सूट हा पोशाख सहनशक्तीत एखाद-दीड जीची भर घालतो; उरलेलं वैमानिकालाच करावं लागतं. वळण घेण्याआधी पोटऱ्या, मांड्या, नितंब आवळायचे, छातीभर श्वास रोखायचा आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात बदलायचा. बंगळूरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेतल्या सेंट्रिफ्यूजमध्ये (माणसाला वेगानं गरगर फिरवून जोर निर्माण करणाऱ्या यंत्रात) याचा सराव होतो. गफलत बहुधा वेळेची: जोर आल्यावर पाय आवळले तर उशीर झालेला असतो. आदल्या दिवशी पाणी कमी प्यायलं असेल तरी सहनशक्ती घटते.

प्रश्न: तिन्ही दलं कुठे एकत्र शिकतात का? (मडगाव)

उत्तर: हो. अधिकारी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) तीन वर्षं एकत्र असतात. पॅराशूटची उडी शिकायला तिन्ही दलांचे लोक आग्र्याला हवाई दलाच्या शाळेत जातात.