दुबईला निघालास? पगाराचे कागद घरी ठेवून ये

"दादा, दुबईला यायच्या आधी काय तयारी करू?" असं विचारलंस. व्हिसा आणि मेडिकल तर एजंट बघेल. एकटेपणा वाटतो, मग सवय होते. मला वेगळंच सांगायचंय.

2019 मध्ये माझा चुलतभाऊ शारजाहून सुट्टीवर कराडला आला आणि हायवेवर ट्रकखाली गेला. वय 34. मागे वहिनी, दोन पोरं, काकू. अपघाताच्या भरपाईचा दावा लावला. वकील म्हणाले, भरपाई ठरवताना परदेशातला पगार धरतात, पण सिद्ध करावा लागतो. दावा दाखल केला त्या दिवशीच्या दराने दिरहमचे रुपये करतात. करारात पगार 2,500 दिरहम. दर 19 धर, वर्षाला 5 लाख 70 हजार. चाळिशीच्या आतला, ठरावीक पगारावरचा (कायम नोकरीतला नव्हे) म्हणून भविष्याच्या वाढीचे 40 टक्के घालायचे. मागे चार माणसं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव भाग वजा. मग वयाचा मल्टिप्लायर, म्हणजे वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणतात तो, 31 ते 35 ला 16. झाले 95 लाख 76 हजार.

पण भावाला खरे 4,000 मिळायचे. वरचे 1,500 ओव्हरटाइमचे, रोख, पाकिटात. ते धरले असते तर दीड कोटीच्या वर. पाकिटाला पुरावा कुठला?

आणि 2,500 तरी कुठे सिद्ध झाले! वहिनींकडे कराराचा व्हॉट्सॲपवरचा अंधुक फोटो तेवढा. बँक त्यांना स्टेटमेंट देईना. कंपनीचं पत्र आणायला त्यांनी मला सांगितलं. ऑफिस माझ्या खोलीपासून बसने अर्धा तास. तेव्हा सुट्टी शुक्रवारी, ऑफिसही शुक्रवारी बंद, हे कारण मी चार महिने सांगत राहिलो. एक दिवस रजा टाकली असती तर काय पगार बुडाला असता, सत्तर-ऐंशी दिरहम. शेवटी गेलो तेव्हा एचआरचा माणूस बदललेला. "जुनी फाइल सापडत नाही," म्हणाला. ट्रकच्या इन्शुरन्स कंपनीचा वकील कोर्टात म्हणाला, परत आला असता तर गावात ड्रायव्हरच झाला असता. तेवढीच कमाई धरली गेली. अपील आता मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे.

वहिनी फोनवर अजून विचारतात, "भावजी, जेवलात का?" पत्राचं एकदाही काढलं नाही.

तर, पगार सगळा बँकेतून घे, रोख नको. दर सहा महिन्यांनी स्टेटमेंट आणि पगारपत्रक घरी मेल कर, बायकोला पासवर्ड दे. करार हातात आला की कॉपी मलाही पाठव. प्रिंट काढून ठेवतो.