पदराचं टोक आणि 'हो ताई'

प्रश्न : मावशी, मी केज तालुक्यातल्या एका गावात वर्षभरापासून बचत गटांची सीआरपी, म्हणजे गट चालवायला मदत करणारी गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करते. बैठकीत बाया 'हो ताई, हो ताई' म्हणतात आणि पुढच्या बैठकीला निम्म्या येतच नाहीत. माणसं ओळखता यावीत म्हणून मी मोबाईलवर देहबोलीचे व्हिडिओ बघते. हाताची घडी म्हणजे मन बंद, नजर चुकवली म्हणजे खोटं, ९३ टक्के बोलणं शरीरच करतं, असं त्यात सांगतात. आमच्या गटातली एक बाई दाराजवळ बसते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते, माझ्याकडे बघत नाही. दसऱ्यापासून तीन बैठका झाल्या, हप्ता नाही. विचारलं की 'पुढच्या वेळी देते ताई.' ती खोटं बोलतेय का?

उत्तर : लेकी, ती कुठं बसते, पदराचं काय करते, हे सगळं तुझ्या ध्यानात राहिलंय. अर्धं काम तिथंच झालं. आता ते व्हिडिओ बंद कर.

त्या ९३ टक्क्यांची गोष्ट अशी. १९६७ साली अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले. सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचा, चेहऱ्याचा फोटो दाखवायचा आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही हे ओळखायला लावायचं. शब्द ७, आवाज ३८, चेहरा ५५, हा हिशेब तिथला. भावना आणि आवडीनावडीचं बोलणं सोडून बाकी कशाला तो लावू नये, असं खुद्द मेहराबियन यांनीच बजावलंय. मग कर्ज-हप्त्याच्या बोलण्याला तो कसा लावायचा? आणि खोटं ओळखायचं म्हणशील, तर बाँड आणि डिपाउलो या संशोधकांनी २००६ साली कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले. खरं की खोटं हे माणसांनी शंभरात ५४ वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं तरी ५० येतात. एवढ्या भरवशावर कुणा बाईला खोटी ठरवू नकोस, माय.

मी ३१ वर्षं उपकेंद्रावर आरोग्य सेविका होते. नोकरीच्या सुरुवातीला एक गरोदर पोरगी मी बोलायला लागले की मान वळवून बसायची. मला वाटलं, हिला माझं ऐकायचंच नाही. दोनदा रागावले तिच्यावर. पुढं कळलं, तिला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून ती डावा कान माझ्याकडे करायची. ते रागावणं मला अजून टोचतं.

तेव्हापासून पहिल्या भेटीत मी कुणाबद्दल मत केलं नाही. हे माणूस एरवी कसं बसतं, कसं हसतं, एवढंच बघून ठेवायचं. मग एखाद्या दिवशी काय बदललं ते आपोआप डोळ्यात भरतं. एका वस्तीवर सातव्या महिन्यातली सून होती. "कशी हायस?" विचारलं की सासूच्या देखत "बरंय की" म्हणायची. त्या दिवशीही तेच म्हणाली. पण तिच्या पायांत जोडवी नव्हती. आपल्याकडची सवाष्ण जोडवी उगीच काढत नाही. वजन करायच्या निमित्तानं तिला आतल्या खोलीत नेलं. पाय सुजून जोडवी रुतायला लागली होती, चार दिवस डोकं दुखत होतं. बीपी १५० वर १०० निघाला. त्याच दिवशी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. माय-लेकरू दोघं सुखरूप राहिली. जोडव्यांनी मला काहीच सांगितलं नव्हतं, फक्त विचारायला लावलं. सांगितलं तिनंच, सासू नजरेआड झाल्यावर.

खाली नजरेचं तर विचारूच नकोस. सासरे, दीर समोर असले की आपल्याकडची सून मान वर करत नाही. तुझी बैठक पारावर होत असेल तर ती कुणापुढं मान खाली घालते तेही बघ. आणि पौषातल्या सकाळी बाया हात काखेत घालून बसतात ते थंडीनं.

आता तुझी दाराजवळची बाई. गेल्या उन्हाळ्यात ती कुठं बसायची? तेव्हाही पदर गुंडाळायची का? तशीच असेल तर ती तिची सवय. दसऱ्यापासून दाराकडं सरकली असेल, तर दसऱ्याच्या सुमाराला तुमच्या भागात काय चालतं ते आठव. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घरात आलेली असते, बऱ्याचदा ती आधीच्या देण्यात गेलेली असते, कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तोडीला निघायचा असतो आणि लहानी पोरं कुणापाशी ठेवायची याचा घोर असतो. तिचं असंच असेल असं मी म्हणत नाही. गटापुढं तिला हप्ता विचारू नकोस, एवढं मात्र नक्की.

तिच्या घरी एकटी जा, वही न घेता. भाकरी थापत असेल तर चुलीपाशी टेक. "पुढच्या वेळी जमंल ना?" असं विचारलंस तर "हो ताई"च मिळेल, दुसरं काही म्हणायला तू जागाच ठेवलेली नसते. "औंदा जायचंय का? पोरांचं काय ठरलं?" असं विचार आणि गप्प राहा. ती गप्प राहिली तरी घाईनं ती जागा भरू नकोस. आणि कारखान्याकडं ट्रक भरायच्या आत जा. एकदा सामान चढायला लागलं की तिला बोलायला सवड मिळायची नाही.