नणंदबाई राहायला आल्या, तर कौन्सिल टॅक्सची सवलत टिकेल का?

आपले पत्र आणि त्यासोबतच्या कागदांच्या प्रती मिळाल्या. आपण 69 वर्षांच्या आहात, लेस्टरमधील स्वतःच्या घरात एकट्या राहता आणि आपली बचत सुमारे 60,000 पौंड आहे. आपल्या 76 वर्षांच्या नणंदबाई हॅरो येथे हाउसिंग असोसिएशनच्या (परवडणारी भाड्याची घरे देणाऱ्या संस्थेच्या) फ्लॅटमध्ये एकट्या असतात. त्या रात्री दोनदा पडल्यामुळे आपण त्यांना कायमचे आपल्याकडे आणू इच्छिता. आपला कौन्सिल टॅक्स (कौन्सिल म्हणजे स्थानिक पालिका घेते तो घरावरचा कर) पूर्ण धरल्यास वर्षाला 1,900 पौंड असून एकटे राहण्याच्या 25 टक्के सवलतीमुळे आपण 1,425 भरता. ही सवलत गेल्यास ‘कमी उत्पन्नाची व्यक्ती सोबत राहते’ या आधारावर ती परत मिळेल का, आणि नणंदबाईंकडून महिना 300 पौंड घ्यावेत का, असे आपण विचारले आहे.

पहिली गोष्ट निर्विवाद आहे. कौन्सिल टॅक्सचे पूर्ण बिल घरात दोन प्रौढ आहेत असे धरून काढलेले असते. त्यामुळे नणंदबाई मुक्कामी आल्या की एकटेपणाची सवलत संपते. तसे 21 दिवसांत कौन्सिलला कळवावे लागते, अन्यथा 70 पौंड दंड होऊ शकतो. मतदारयादीशी या सवलती ताडून पाहिल्या जातात, तेव्हा ‘कोणाला कळणार आहे’ हा विचार मनातही आणू नये.

आपण म्हणता ती सवलत म्हणजे सेकंड अ‍ॅडल्ट रिबेट. इंग्लंडमध्ये एप्रिल 2013 पासून नोकरीच्या वयातील लोकांसाठी ती द्यायची की नाही हे प्रत्येक कौन्सिल स्वतः ठरवते, परंतु पेन्शनच्या वयाच्या अर्जदारांसाठी ती देशभर कायम आहे. हिच्यात आपले उत्पन्न पाहिले जात नाही. नेहमीच्या कौन्सिल टॅक्स सपोर्टसाठी (कमी उत्पन्नामुळे या करात मिळणाऱ्या मदतीसाठी) 16,000 पौंडांहून अधिक बचत आड येते; तशी ती येथेही येते का, हे कौन्सिलला विचारून घ्यावे. पाहिले जाते ते दुसऱ्या प्रौढ व्यक्तीचे उत्पन्न. ती पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी पूरक रक्कम) घेत असेल तर बिलात 25 टक्के सूट मिळते. तसे नसेल आणि तिचे एकूण उत्पन्न त्या वर्षी ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर 15 किंवा साडेसात टक्के. नणंदबाईंना पेन्शन क्रेडिट मिळते, म्हणून 25 टक्के गेले आणि 25 टक्के आले, असा आपला हिशेब आहे. वरवर पाहता तो बरोबर वाटतो.

तो चुकतो कुठे, हे नणंदबाईंच्या पेन्शन क्रेडिटच्या पत्रातील एका ओळीवरून कळते. सरकारी पेन्शन आणि जुन्या कारखान्याची छोटी पेन्शन मिळून त्यांना आठवड्याला 240 पौंड येतात. 2025-26 च्या दराने एकट्या व्यक्तीसाठी पेन्शन क्रेडिटची मूळ हमी, म्हणजे उत्पन्न जिथपर्यंत भरून दिले जाते ती रक्कम, आठवड्याला 227.10 पौंड होते; म्हणजे केवळ त्या हमीवर त्यांना एक पैसाही मिळाला नसता. त्यांना वरच्या दराचा अटेंडन्स अलाउन्स (देखभालीची गरज असलेल्या वृद्धांचा भत्ता) मिळतो आणि त्या एकट्या राहतात, म्हणून हमीत गंभीर अपंगत्वाची 82.90 पौंडांची भर पडून ती 310 होते, आणि फरकाचे 70 पौंड दर आठवड्याला त्यांच्या खात्यात जमा होतात. ही भर एकटे राहण्याशी बांधलेली आहे. त्या आपल्या घरी आल्या की भर जाईल, तिच्यासोबत हे 70 पौंड जातील, आणि ज्या पेन्शन क्रेडिटच्या बळावर आपण 25 टक्के सूट मागणार होता तो आधार टिकेलच असे नाही. वर्षाचे 3,640 पौंड एकीकडे आणि आपल्या सवलतीचे 475 दुसरीकडे, असे हे चित्र आहे. शिवाय त्यांचे घरभाडे आणि त्यांचा कौन्सिल टॅक्स आज सरकारी मदतीतूनच भागतो, त्यामुळे फ्लॅट सोडून त्यांची त्या बाजूने बचत होणार नाही. वीज-गॅसचे एक बिल वाचेल, पण तेवढ्याने ही तूट भरून येणार नाही.

कौन्सिल टॅक्सपुरता मात्र आपल्यासाठी अधिक भक्कम मार्ग आहे, आणि आपल्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. त्याच घरात राहून आठवड्याला किमान 35 तास सेवा करणारी व्यक्ती, जिची सेवा करायची ती तिचा जोडीदार किंवा 18 वर्षांखालील मूल नसेल आणि तिला अटेंडन्स अलाउन्ससारखा भत्ता मिळत असेल, तर कौन्सिल टॅक्ससाठी होणाऱ्या घरातील प्रौढांच्या मोजणीतून वगळली जाते. रात्री उठवणे, आंघोळ, औषधे, जेवण हे सारे आपणच करणार असाल तर 35 तास सहज भरतील. मग हिशेबात एकट्या नणंदबाई उरतात आणि 25 टक्के सवलत मिळते. तिचा पेन्शन क्रेडिटशी काही संबंध नाही. त्यामुळे सेकंड अ‍ॅडल्ट रिबेटच्या मागे न लागता हाच अर्ज करावा. (ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेण्यास मनाई आहे अशा वाचकांनीही हा फरक लक्षात ठेवावा: कौन्सिल टॅक्स सपोर्टच्या योजना त्या निधीत मोडतात, मोजणीतून वगळल्याने मिळणारी सवलत मोडत नाही.)

300 पौंडांचा करार करू नये. व्यापारी तत्त्वावर भाडे देणारी व्यक्ती घरात असली की सेकंड अ‍ॅडल्ट रिबेटचा मार्ग बंद होतो, आणि सेवा करणाऱ्या नातेवाईकाने भाडेपावती फाडणे दिसायलाही बरे दिसत नाही. किराणा आणि गॅसमध्ये त्यांनी आपला वाटा उचलावा, एवढे पुरे. आपले चिरंजीव महिन्यातून दोन-तीन दिवस येतात, पण त्यांचे मुख्य घर बर्मिंगहॅमला आहे, तेव्हा ते मोजणीत येणार नाहीत. ते कायमचे परतले तर मात्र हिशेब नव्याने मांडावा लागेल.

माझे मत असे की त्यांना आणावे. पेन्शन क्रेडिटचे ते 70 पौंड गेल्यावरही त्यांच्याकडे 240 पौंड पेन्शन आणि 2025-26 च्या दराने 110.40 पौंड अटेंडन्स अलाउन्स राहील, आणि भाडे नसलेल्या घरात आठवड्याला साडेतीनशे पौंडांत दोघींचे नीट चालेल. मात्र हे 3,640 पौंड जाणार आहेत हे त्यांना आजच स्पष्ट सांगावे, कारण पैसा त्यांचा आहे आणि सवलत आपली. हॅरोचा फ्लॅट लगेच सोडू नये. परत जाण्याचा इरादा असेल आणि घर दुसऱ्याला दिलेले नसेल तर हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठीची सरकारी मदत) 13 आठवड्यांपर्यंत चालू राहू शकते; तेवढ्या मुदतीत त्यांना पाहुण्या म्हणून ठेवून पाहावे, आणि त्याआधी एज यूके किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांकडे पेन्शन क्रेडिटचे ते पत्र नेऊन त्यांच्याकडूनही आकडे तपासून घ्यावेत.